टोकाचं घर आधी

सेल्विन गार्वीला नोकरीत पुष्कळ पत्रं आली आणि त्याने बहुतेकांना उत्तरं दिली. एकाला दिलं नाही. ते दक्षिण बेटाच्या पार खालच्या अंगाला असलेल्या ग्लेनमोरन खोऱ्यातून आलं होतं. निळी शाई, वळणदार अक्षर, आणि मजकूर इतका थोडका की दुसरा कुणी दुपारच्या चहाआधी उत्तर लिहून मोकळा झाला असता.

'श्री. गार्वी यांस,' असं त्यात होतं, 'आमच्या खोऱ्याची वीजवाहिनी देशातल्या ग्रामीण वाहिन्यांत सर्वांत भरवशाची आहे, असं तुम्ही अहवालात लिहिलंय. गेल्या हिवाळ्यात आम्ही आठवडाभर अंधारात होतो. चुकलंय कुणाचं, तुमचं की आमचं? कळवावे. नायरी कोल.'

सेल्विन तेव्हा वेलिंग्टनच्या नियामक कार्यालयात होता. घरोघर तारा नेणाऱ्या स्थानिक कंपन्यांचं एक आहे, की गिऱ्हाईक रुसून दुसरीकडे जाऊ शकत नाही. एका रस्त्यावर दोन कंपन्यांचे खांब नसतात. म्हणून सरकारने त्यांना एक अट घातलेली. दरवर्षी आपला कारभार चारचौघांत मांडायचा. वीज किती वेळा गेली, सरासरी गिऱ्हाइकाच्या वाट्याला किती मिनिटांचा अंधार आला, खांब किती जुने, कुठले कधी बदलणार, सगळं उघड, आणि खाली दोन संचालकांच्या सह्या. हे तक्ते वाचताना कार्यालयातल्या तरुण पोरांना जांभया येत. सेल्विनला मात्र देवळात गेल्यासारखं वाटे. दंडुका नाही, आरडाओरडा नाही. नुसतं 'खरं काय ते सांगा' म्हणायचं, आणि अख्ख्या देशातल्या कंपन्या मुकाट्याने सांगतात, याचं त्याला कायम नवल वाटत आलं होतं.

पत्र आलं तेव्हा त्याने ग्लेनमोरनचे आकडे पुन्हा काढले. पुन्हापुन्हा पडताळले. नियमाप्रमाणे ते चोख होते. आणि बाई खोटं बोलत असेल असंही त्याला वाटेना. उत्तराचे खर्डे केले. पहिला उद्धट वाटला, दुसरा गुळमुळीत, तिसऱ्यात काहीच सांगितलेलं नव्हतं. मग पत्र वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून गेलं, तिथून पुढच्या पुस्तकात, आणि असं करता करता सेल्विन निवृत्त झाला.

निवृत्तीनंतरही तक्ते वाचायची खोड गेली नाही. त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सार्वजनिक वाचनालयात बसून तो वाइहाका लाइन्स कंपनीचा दहा वर्षांचा आराखडा वाचत होता. एका पानावर तो थबकला. 'ग्लेनमोरन वाहिनी: खांब बदलण्याचं काम पुढे ढकललं. कारण, कामगिरी उत्कृष्ट. पाहा: गार्वी यांचा अहवाल.'

आपलं नाव छापलेलं पाहून माणसाला बरं वाटतं म्हणतात. सेल्विनला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसला, ते पुन्हा जमेना. तेव्हा, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. बॅग भरली आणि निघाला.

विमान, मग बस, आणि शेवटी डाक वाटणाऱ्या बाईच्या व्हॅनमध्ये, पार्सलांच्या बाजूला बसून. खिंडीत व्हॅन वळली आणि समोर घळ उघडली. घळीवरून एक तार गेली होती. एकच. या काठावर एक खांब, त्या काठावर एक, आणि मधे नुसतं आकाश.

ग्लेनमोरनची वीज एका तारेवर येते आणि परत जाताना जमिनीतून जाते, हे सेल्विनला कागदावर फार वर्षं ठाऊक होतं. डोंगराच्या पोटातून, नदीच्या खालून, मेंढ्यांच्या पायाखालून ती आपली वाट शोधत मागे जाते. ठाऊक असणं वेगळं. तो काच खाली करून वर बघतच राहिला. डाकवाली म्हणाली, "काच वर घ्या आजोबा, पत्रं गारठतील."

पलीकडच्या काठावरचा खांब कलला होता. कुणीतरी तो कुंपणाच्या तारेने शेजारच्या खडकाला बांधून ठेवला होता.

नायरी कोल यांचं घर खिंड उतरल्यावर पहिलंच. दार उघडलं ते एका उंच, सडसडीत, ऐंशीच्या घरातल्या बाईने, हाताला पीठ लागलेलं.

"मी सेल्विन गार्वी," तो म्हणाला. "वेलिंग्टनहून. तुम्ही मला एक पत्र..."

"अगबाई!" नायरीबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली त्याला. उत्तर घेऊन चालत निघाला होतात की काय?"

"उत्तर अजून नाही."

"मग आत या. उत्तर नसलेल्या माणसाला बाहेर जास्त थंडी वाजते."

स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी पेटलेली होती आणि विजेच्या भट्टीत चीज रोल खरपूस होत होते. सेल्विनने आराखड्यातलं ते पान दाखवलं. नायरीबाईंनी चष्मा लावून वाचलं.

"पाहिलंय," त्या म्हणाल्या. "मी कंपनीच्या ट्रस्टीला फोन केला होता. कंपनी आमचीच ना, आम्हीच मतं देऊन त्यांना बसवतो. तो म्हणाला, नायरी, सरकारी माणूसच म्हणतो तुमची तार झकास आहे, मी काय करू? खांब माझ्या सासऱ्यांनी उभे केलेत, गार्वी. बुंध्याला नख लावलं तर आत जातं. एखादा दिवस जिवंत तार कुणाच्या तरी अंगावर येणार. मेंढ्या हाकायला त्याच वाटेने जातात सगळे."

"आकडे मी तपासले होते," सेल्विन हळूच म्हणाला. "पण माझं चुकलं असेल. माझं बऱ्याचदा चुकतं."

"असं म्हणून सुटका होत नाही हो माणसाची," नायरीबाई म्हणाल्या, आणि दिवा लुकलुकून विझला.

बाहेर वारा उठला होता. भट्टीची लाल खूणही गेली. "गेली," नायरीबाई म्हणाल्या, मांजर बाहेर गेल्यासारखं, आणि चीज रोलचा तवा काढून शेगडीवर ठेवला.

सेल्विन वाट पाहत राहिला. त्या फोनकडे जातील असं त्याला वाटलं. भिंतीवर जुन्या पद्धतीचा फोन होता, वीज गेली तरी चालणारा. त्या त्याच्या खालून जाऊन लोणी घेऊन आल्या.

"कंपनीला फोन करायचा ना?"

"कशाला?"

"वीज गेली म्हणून."

"खिंडीत बर्फ धरतोय. फ्यूज खिंडीत आहे. आत्ता फोन केला तर तो टिपेने, तारा दुरुस्त करणारा, लगेच निघेल."

"लाइनमन? मग चांगलंच की."

नायरीबाईंनी त्याच्यापुढे बशी सरकवली. "पूर्वी डेस होता. असाच बर्फ होता, कुणीतरी फोन केला, तो निघाला. गाडी घळीत गेली. वाचला बिचारा, पण पुन्हा खांबावर चढला नाही. मग आम्ही सगळे सभागृहात बसलो आणि ठरवलं. खिंडीत बर्फ असेतो कंपनीला फोन करायचा नाही. फोन केला की माणूस निघतोच. त्याचा धंदाच तो."

"आणि हे कंपनीला माहीत आहे?"

"सांगायचं काय त्यात?" नायरीबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "उपकार मोजून दाखवल्यासारखं दिसतं ते."

सेल्विनच्या हातातला चीज रोल तसाच राहिला. नियमाचं एक कलम त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. जिथे तारेवर नोंद करणारं यंत्र बसवलेलं नाही तिथे वीज गेल्याची वेळ म्हणजे कंपनीला ते कळल्याची वेळ. पहिला फोन येईल ती वेळ. हे इतकं सरळ होतं की त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. आपलं काहीतरी राहत असेल, असं म्हणून तो गप्प बसला. नायरीबाईंनी त्याला पाहुण्यांच्या खोलीत तीन रजया दिल्या.

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं पण ऊन खिंडीपर्यंत पोचलं नाही. दुपारी शेजारचे लोक फ्रीजरमधलं विरघळू लागलेलं मटण घेऊन आले, शेगडीवर मोठं पातेलं चढलं आणि घरात लग्नघरासारखी गडबड झाली. कुणी कुरकुर केली नाही. एक म्हातारा म्हणाला, "या खोऱ्यात वीज गेल्याशिवाय मला कोणी जेवायला बोलवत नाही," तर नायरीबाई म्हणाल्या, "वीज असली की तुझं तोंड दिसतं ना, म्हणून." संध्याकाळी सगळे आपापल्या अंधारात परत गेले.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारनंतर खिंडीतून पाणी ठिबकू लागलं. तेव्हा कुठे नायरीबाई फोनजवळ गेल्या. सेल्विन जवळच उभा होता.

"कोण, वाइहाका लाइन्स? ग्लेनमोरनहून बोलतेय. वीज गेलीय. हो, सगळ्यांकडेच... कधी?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "झाला जरा वेळ. नाही नाही, घाई काही नाही."

त्यांनी फोन ठेवला. सेल्विन खुर्चीत बसला. दोन दिवस आणि दोन रात्री, आणि त्यांचं नाव 'जरा वेळ'.

टिपेने उजेड असतानाच आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी. नायरीबाईंच्या गालाला गाल लावला, एक चीज रोल तोंडात आणि एक खिशात टाकला.

"हे कोण, आंटी?"

"वेलिंग्टनहून आलेत. यांच्याच पुस्तकात आपण देशात पहिले."

"अस्सं!" टिपेनेने सेल्विनला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि हे बूट? हे तर वाचनालयाचे बूट आहेत, वेलिंग्टनवाले. चला वर. पण माझ्या पावलावर पाऊल टाका, नाहीतर तुमच्यासाठी मला अपघाताचा फॉर्म भरावा लागेल."

दोघे खिंडीत पोचले तोवर सूर्य डोंगरामागे गेला होता. टिपेनेने खाली उतरून आधी गाडीचा भोंगा वाजवला, एकच, लांबलचक. तो आवाज घळीतून गेला, पलीकडच्या कड्यावर आपटला आणि खोऱ्याच्या आत आत जात विरून गेला.

"हे कशासाठी?"

"सगळ्यांनी आपापले मुख्य खटके पाडून ठेवावेत, याची खूण. आता मी फ्यूज लावणार."

त्याने लांब काठी उचलली, तिच्या टोकाला नवा फ्यूज अडकवला, आणि वर खांबाच्या माथ्याशी नेऊन एका झटक्यात बसवला. खट् असा आवाज झाला.

खाली खोरं काळंच राहिलं.

सेल्विनला वाटलं, फसलं. त्याच्या मनात हेही येऊन गेलं की कदाचित आपण आलो म्हणूनच फसलं. तो काही बोलणार तेवढ्यात टिपेने म्हणाला, "थांबा. शेवटाकडे बघा."

खोऱ्याच्या अगदी टोकाला, जिथे डोंगर एकमेकांत शिरतात, एक ठिणगी दिसली. बर्फावर तिचा पिवळा डाग पडला. मग बराच वेळ काही नाही. मग तिच्या अलीकडे, नदीच्या वळणावर, दुसरी.

"सगळ्यांनी एकदम घेतली तर फ्यूज पुन्हा उडतो," टिपेने हलक्या आवाजात सांगत होता, प्रार्थनेच्या वेळी बोलतात तसा. "दोन दिवसांची उपाशी घरं ती. गिझर, हीटर, पंप, सगळे एकदम तोंड लावतात. म्हणून एकेकाने घ्यायची. घेतली, थोडी धग भरली, की अंगणातला दिवा लावायचा. तो दिसला की अलीकडच्याने आपला खटका वर करायचा."

"आणि सुरुवात टोकाकडून?"

"टोकाचं घर आधी. ते डोंगराच्या सावलीत आहे, तिथे गारठा जास्त. आमच्या माणसांत पाहुण्याला आधी वाढतात, तसंच. पण हे मी नाही शिकवलं त्यांना. मी आलो तेव्हा चालूच होतं."

तिसरा दिवा लागला. चौथा. प्रत्येक दोन दिव्यांमध्ये एवढी शांतता होती की खाली नदी ऐकू येई. त्या प्रत्येक शांततेत कुणीतरी अंधाऱ्या घरात खटक्याला हात लावून उभं होतं, खिडकीतून पलीकडे बघत, आपली पाळी यायची वाट पाहत. आणि कुणीही घाई करत नव्हतं. खटका वर करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बघायला कुणी नव्हतं. तरी उजेड पावलापावलाने, एका घराचा दुसऱ्या घराला निरोप पोचावा तसा, खोरं चढत खिंडीकडे येत होता.

सेल्विनचे डोळे भरून आले आणि त्याने ते थंडीवर ढकललं. इतकी वर्षं तो सरासरी गिऱ्हाइकाबद्दल लिहीत आला होता. ते गिऱ्हाईक कसं दिसतं याचा त्याने कधी विचार केला नव्हता. पंगतीत शेवटच्या पानापासून वाढत यावं, तशी ही माणसं उजेड वाढत होती.

गाडीतला कंपनीचा रेडिओ खरखरला. "टिपेने, ग्लेनमोरन चालू?"

"चालू."

"फोन आल्यापासून दोन तास! शाबास रे. तुझ्या वाहिनीचा नंबर यंदाही पहिला."

"नंबर ठेव तुझ्याकडे, खांब पाठव," टिपेने म्हणाला. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि रेडिओ बंद पडला.

दोन तास. सेल्विनने तो आकडा मनातल्या मनात नेहमीच्या रकान्यात ठेवून पाहिला. किती नीटस बसत होता.

खाली आता एकच घर काळं होतं, पायथ्याशी, त्यांच्या सर्वांत जवळचं. नायरीबाईंचं. आपल्या पलीकडच्याचा दिवा दिसूनही ते घर जरा वेळ तसंच थांबलं. मग उजळलं.

स्वयंपाकघरात परतल्यावर सेल्विनने त्यांना सांगितलं. बूट शेगडीजवळ ठेवून, मोज्यांवर उभा राहून, अडखळत. घड्याळ फोनपासून सुरू होतं. फ्यूज बसला की थांबतं. त्याच्या आधीचा आणि नंतरचा अंधार कुठेच लिहिला जात नाही.

नायरीबाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

"म्हणजे आम्ही गप्प बसलो," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमच्या पुस्तकात आम्ही सुखी?"

"हो."

"आणि टिपेनेचा जीव सांभाळला म्हणून खांब कुजले."

"आंटी, मला नका मधे घेऊ," टिपेने म्हणाला. "मला विचारलं होतं का? फोन करायचा आणि सांगायचं, वीज गेलीय, पण बर्फ आहे, माणूस पाठवू नका. निघायचं कधी ते मी ठरवतो. मी काय डोळे मिटून गाडी चालवतो?"

"फोन करायचा आणि येऊ नको म्हणायचं?" नायरीबाईंना ते जेवायला बोलावून दार लावून घेण्यासारखं वाटलं. "लोक काय म्हणतील?"

"कंपनी म्हणेल, दोन दिवस वीज नव्हती. म्हणू दे की."

त्या हसल्या नाहीत, पण चहा ओतताना मान हलवली. आज रात्रीच हे सांगायला घरोघर फोन करते म्हणाल्या. मग त्या सेल्विनकडे वळल्या. "तुमचं जुनं कार्यालय नियम बदलायच्या विचारात आहे. मतं मागवलीत. खोऱ्यातर्फे मी लिहिणार आहे. पण आमचं कोण ऐकणार, तुमचं वाक्य आमच्या वाटेत झाडासारखं आडवं पडलंय. ते तुम्ही उचला."

"मी आता तिथे नाही. माझ्या म्हणण्याला..."

"पत्र मी कार्यालयाला लिहिलं नव्हतं. तुम्हाला लिहिलं होतं. मला उत्तर हवंय. तोंडी नको, कागदावर हवंय. ते मी माझ्या अर्जाला जोडणार."

सेल्विन पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसला. टेबलावर दिवा जळत होता आणि त्या दिव्याकडे त्याला नुसतं पाहवेना. तो उजेड कुठून कुठून, किती जण थांबल्यावर इथवर आला होता. आपण लिहिलं तर काय होईल हे त्याला कळत होतं. गोष्ट एका ग्लेनमोरनची राहणार नव्हती. जिथे जिथे तारेला यंत्र नाही आणि माणसं भिडस्त आहेत, तिथला प्रत्येक आकडा डळमळणार होता, आणि त्याच्या उभ्या नोकरीत त्याने ज्यांच्यापुढे मान तुकवली ते तक्तेही. जुने सहकारी म्हणतील, म्हातारा भ्रमला. म्हणतीलही. कंपन्यांना तो जन्मभर एकच सांगत आला होता, की खरं काय ते सांगा, आणि खाली सही करा.

या वेळी खर्डा एकच झाला.

'श्रीमती कोल यांस. तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला. तुम्ही विचारलं होतं, चुकलंय कुणाचं. आकडा बरोबर होता आणि तुम्हीही बरोबर होतात. चूक माझ्या वाक्यात होती. मी जो आकडा भरवशाचा म्हणून वाखाणला, तो विजेचा नव्हता. तुम्ही किती उशिरा फोन केलात याचा होता. ग्लेनमोरनची वाहिनी उत्कृष्ट आहे हे माझं विधान मी मागे घेतो. खांब मी पाहिले, ते बदलायला हवेत. भरवसा मी खोऱ्यात पाहिला, पण तो माणसांचा होता आणि त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता. आपला, सेल्विन गार्वी.'

सकाळी त्याने ते घडी घालून नायरीबाईंपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"हातात नको. पाकिटात घाला, तिकीट लावा. शिक्का पडू दे. चार वर्षांनी का होईना, रीतसर आलेलं दिसलं पाहिजे. कागद घरातच लिहून घेतला असं उद्या कुणी म्हणायला नको."

"पण ते तालुक्याला जाऊन परत इथेच येणार."

"येऊ दे की. माझी कुठे घाई आहे?"

त्याने पाकिटावर त्यांचंच नाव घातलं, त्यांचाच पत्ता, आणि त्यांनीच दिलेलं तिकीट लावलं. मग वाचनालयाचे बूट घालून, निसरड्या वाटेवर जपून पाय टाकत, तो फाटकापर्यंत गेला. रस्त्याच्या कडेला नायरीबाईंची पत्रपेटी होती, दुधाच्या जुन्या कॅनची, बाजूला पत्र्याचा लाल झेंडा, न्यायचं पत्र असलं की डाकवालीसाठी वर करायचा. वर खिंडीत ती एकटी तार उन्हात चकाकत होती. खालच्या वळणावर डाकवालीच्या व्हॅनचा आवाज येऊ लागला होता.

सेल्विनने पाकीट पेटीत सोडलं आणि झेंडा वर केला.